शेवटच्या आजारात काय करायचं नाही, हे कुणी ठरवायचं? लिव्हिंग विलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते. निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये या विषयावर बोलायला जाते. सभेत फारसं कुणी हात वर करत नाही, पण चहाच्या वेळी चिठ्ठ्या येतात आणि रात्री व्हॉट्सॲपवर निरोप येतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवते. ही सर्वसाधारण माहिती आहे. घरात वाद असेल किंवा इस्टेटीचा गुंता असेल, तर वकिलाला विचारा.

१. लिव्हिंग विल म्हणजे काय? मृत्युपत्रातच दोन ओळी घातल्या तर चालणार नाही का?

मृत्युपत्र उघडतात आपण गेल्यावर, बऱ्याच घरांत तेरावं उरकल्यावर. तोवर व्हेंटिलेटरचं बिलही भरून झालेलं असतं. लिव्हिंग विल हा आपण जिवंत असताना, पण स्वतःचं म्हणणं सांगायच्या स्थितीत नसताना वापरायचा कागद आहे. बरं होण्याची आशा उरली नसेल, तर कोणते उपचार सुरू करू नयेत किंवा थांबवावेत आणि त्या वेळी आपल्या वतीने कुणी बोलावं, एवढंच त्यात असतं. घर, दागिने, मुदत ठेवी यांचा त्यात उल्लेख नको. दोन्ही कागद वेगळेच करा.

२. म्हणजे हे इच्छामरणच झालं ना?

लोक तसं म्हणतात खरं, पण त्या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. इंजेक्शन देऊन जीव घेणं भारतात गुन्हा आहे, रुग्णाने हात जोडून मागितलं तरीही. आत्महत्येला मदत करणं हाही गुन्हाच. ज्या उपचाराने रुग्ण बरा होणार नाही, नुसतं मरण लांबणार आहे, तो उपचार न करणं किंवा काढून घेणं ही तिसरी गोष्ट. कायद्याने परवानगी आहे ती फक्त या तिसऱ्या गोष्टीला.

काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका वृद्ध जोडप्याने, धडधाकट असताना, राष्ट्रपतींकडे मरणाची परवानगी मागितली होती. त्यांच्या बातमीचं कात्रण मला आजही कुणी ना कुणी पाठवतं. त्यांची मागणी पहिल्या दोन प्रकारांत बसते. या कागदाशी तिचा संबंध नाही.

३. हा कायदा कधी झाला?

संसदेने असा कायदा केलेलाच नाही. जे आहे ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून आलेलं आहे, आणि कायदा होईपर्यंत तेच देशभर बंधनकारक आहे.

याची सुरुवात मात्र आपल्याकडची आहे. आमदार सदानंद वर्दे यांनी १९८५ मध्येच या विषयावरचं अशासकीय विधेयक महाराष्ट्राच्या विधान परिषदेत मांडलं होतं. ते काही पुढे सरकलं नाही. २०११ मध्ये अरुणा शानबाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा दार किलकिलं केलं (प्रश्न ४). ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला, की सन्मानाने मरणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि त्यासाठी आधीच इच्छा लिहून ठेवता येईल. पण त्यासाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी, अशी अट घातली. साठीच्या माणसाने धडधाकट असताना कोर्टात जाऊन ‘मला मरायचंय त्याबद्दल सही द्या’ म्हणायचं! कोण जाणार? शेवटी अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांच्या संघटनेनेच न्यायालयाला सांगितलं, की हे चालत नाही. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ती अट काढली आणि पद्धत सोपी केली. आज लागू आहे ती हीच पद्धत.

४. अरुणा शानबागला न्यायालयाने परवानगी दिली होती ना?

नाही, नाकारली होती. पण हा गैरसमज इतका पसरला आहे, की थोडं सविस्तर सांगते.

अरुणा मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला, साखळीने गळा आवळला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने याचिका केली. न्यायालयाने मुंबईच्या तीन डॉक्टरांना तिला तपासायला पाठवलं. रुग्णालयाने दिलेल्या माहितीत एक तपशील असा होता, की मासे किंवा चिकनचं सूप भरवलं की तिच्या चेहऱ्यावर हसू येतं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळून असूनही तिच्या अंगावर एकही शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) नव्हता. ज्यांनी घरी आजारी माणूस सांभाळला आहे, त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

मार्च २०११ च्या निकालाचा मथितार्थ असा, की उपचार थांबवणं तत्त्वतः शक्य आहे, पण तिच्या वतीने बोलायचा अधिकार तिला रोज भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. आणि त्यांना ती हवी होती. निकालानंतर परिचारिकांनी मिठाई वाटली. अरुणा १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेली.

‘जवळचा माणूस’ कोण, हे निव्वळ रक्ताच्या नात्यावर ठरत नाही, हा या निकालातला मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. प्रश्न ८ मध्ये तोच उपयोगी पडतो.

५. हा कागद कोण करू शकतं? आजारी असावं लागतं का?

अठरा वर्षं पूर्ण झालेली, विचार करायची क्षमता शाबूत असलेली कोणतीही व्यक्ती. आजारी असण्याची गरज नाही. उलट धडधाकट असतानाच करावा. मात्र दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही. ‘आईला विस्मरण झालंय, तिच्या नावाने आम्ही करून ठेवतो’ असं चालणार नाही (प्रश्न १३).

६. प्रत्यक्षात कागद कसा करायचा? वकील, स्टॅम्प पेपर, रजिस्ट्रेशन?

लेखी हवा. दोन साक्षीदारांसमोर सही हवी, आणि हे साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे, ज्यांचा तुमच्या मालमत्तेशी काही संबंध नाही असे घ्या. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. तुम्ही कुणाच्या दबावाखाली नाही, याची खात्री त्यांनी करून घ्यायची असते. म्हणून नोटरीकडे स्वतः जा, मुलाच्या हाती कागद पाठवू नका.

वकील सक्तीचा नाही. सब-रजिस्ट्रारकडे नोंदणीही लागत नाही. न्यायालयाने स्टॅम्प पेपरची अट घातलेली नाही, पण बरेच नोटरी त्याशिवाय शिक्का मारायला तयार नसतात. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही, आणून द्या. मराठीत लिहिला तरी चालतो. तुम्हाला नीट समजेल त्याच भाषेत लिहा.

७. ‘मला व्हेंटिलेटर लावू नये’ एवढं लिहिलं की पुरे ना?

पुरे नाही, आणि बहुतेक कागद इथेच फसतात.

व्हेंटिलेटर हे यंत्र आहे. न्यूमोनिया झालेला पंचेचाळिशीचा माणूस त्यावर पाच दिवस राहून चालत घरी जातो. तेच यंत्र सर्वांगात पसरलेल्या कर्करोगाच्या शेवटच्या आठवड्यात लावलं, तर बरं करत नाही. म्हणून आधी परिस्थिती लिहा, मग उपचार. आमच्या एका सभेत सत्तरीतल्या एका बाईंनी स्वतःच्या शब्दांत मजकूर आणला होता. त्यांच्या परवानगीने देते: ‘माझा आजार बरा होणार नाही असं डॉक्टरांचं मत झालं आणि मी माणसं ओळखण्याच्या स्थितीत परत येणार नाही असं दिसलं, तर मला कृत्रिम श्वासाचं यंत्र, डायलिसिस आणि छाती दाबून हृदय चालू करण्याचा प्रयत्न नको. दुखणं, धाप, तगमग कमी करणारं औषध मात्र पूर्ण द्यावं. तोंडाला कोरड पडू देऊ नये.’ शेवटचं वाक्य कुठल्याच छापील नमुन्यात सापडणार नाही. त्यांनी स्वतःच्या सासूबाईंचं पाहिलं होतं.

याखेरीज तीन गोष्टी असायलाच हव्यात: याचे परिणाम मला समजले आहेत, मी हा कागद केव्हाही रद्द करू शकते, आणि माझ्या वतीने संमती देणाऱ्यांची नावं. मोघम लिहिलेला कागद डॉक्टरांचं मंडळ बाजूला ठेवू शकतं. मग तुम्ही काहीच लिहिलं नव्हतं असं धरून पुढची कार्यवाही होते (प्रश्न १०).

८. नावं कुणाची घालायची? मुलगा न्यू जर्सीला आहे, मुलगी पुण्यात.

एकापेक्षा जास्त नावं घालता येतात, जरूर घाला. यात थोरला-धाकटा, मुलगा-मुलगी असा मान ठेवायचा नसतो. मी दोन गोष्टी विचारायला सांगते. रात्री तीन वाजता तासाभरात रुग्णालयात कोण पोहोचेल? आणि रडत रडत का होईना, ‘आईला हे नको होतं’ असं कोण ठामपणे म्हणेल? पुष्कळदा दोन्हींचं उत्तर वेगळं निघतं, तेव्हा दोघांचीही नावं घाला.

परदेशातला मुलगा वगळायचं कारण नाही, पण त्याचं एकट्याचं नाव नको. विमानातून उतरून थेट अतिदक्षता विभागात आलेलं, चार वर्षांत आईला न पाहिलेलं लेकरू बहुधा ‘सगळं करा’ म्हणतं. त्याला दोष देता येत नाही. त्याचा निरोप घ्यायचा राहिलेला असतो. म्हणून कागद केल्यावर त्याला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवा. हे बोलणं टाळून केलेल्या कागदाला माझ्या लेखी फारशी किंमत नाही.

भाचा, मैत्रीण, शेजारी असं कुणी खरोखर जवळचं असेल, तर त्यांचा विचार घरच्यांशी बोलून करा आणि मजकूर वकिलाला दाखवून घ्या. निकालात ‘पालक (गार्डियन) किंवा जवळचे नातेवाईक’ असे शब्द आहेत.

९. कागद ठेवायचा कुठे? आमच्या नगरपालिकेत तर कुणालाच काही माहीत नाही.

एक-एक प्रत नावं घातलेल्यांकडे आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे कागद जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. रविवारी रात्री लॉकर उघडत नाही.

हे अभिरक्षक नेमलेच जात नव्हते. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं लिव्हिंग विल केलं, ते ठेवून घ्यायला अधिकारी मिळेना, म्हणून ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यानंतर राज्यातल्या स्थानिक संस्थांमध्ये नेमणुका झाल्या. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःच आपलं लिव्हिंग विल नोंदवलं. न्यायमूर्तींनी केलं म्हटल्यावर कचेऱ्यांमधली कुजबुज जरा कमी होते.

तुमच्या कचेरीत खिडकीवरच्या माणसाने कपाळाला आठ्या घातल्या, तर जन्म-मृत्यू नोंदणी खिडकी सोडा आणि आरोग्य अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज देऊन पोच घ्या. पोचेवर आवक क्रमांक हवा. त्यांनी घेतलं नाही म्हणून तुमचा कागद बाद होत नाही. फक्त तो खरा आहे का, हे रुग्णालयाला तपासायला वेळ लागतो.

१०. रुग्णालयात कागद दाखवला की लगेच यंत्र काढतात का? आणि कागदच नसेल तर?

लगेच नाही. आधी कागद खरा आहे याची रुग्णालय खात्री करतं. मग प्राथमिक मंडळ बसतं. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान दोन तज्ज्ञ असतात, तज्ज्ञांना किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. त्यांचं मत पडलं की दुय्यम मंडळ. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी किमान दोन तज्ज्ञ, पहिल्या मंडळातले सोडून. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावं, असं न्यायालयाने म्हटलं आहे. दोन्हींचं एकमत झालं, नावं घातलेल्यांनी लेखी संमती दिली, की रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्याला कळवतं आणि मग निर्णय अमलात येतो. परवानगी मागायची नसते, फक्त कळवायचं असतं. आणि रुग्ण स्वतः शुद्धीवर असून बोलू शकत असेल, तर कागद बाजूला. त्याचं तोंडचं म्हणणं आधी.

कागद नसला तरी वाट बंद होत नाही. तीच दोन मंडळं बसतात, फक्त संमती घरच्यांची घेतात. फरक पडतो तो माणसांना. कागद असला, की घरचे ‘बाबांनी सांगितलं होतं ते’ करत असतात. नसला, की तीच सही आयुष्यभर टोचत राहते. अतिदक्षता विभागाबाहेर रखवालदाराकडून पेन मागून घेऊन संमतीच्या अर्जासमोर तासभर बसलेला मुलगा मी पाहिलाय. वडिलांची इच्छा त्याला माहीत होती, पण ती लिहिलेली कुठेच नव्हती.

११. आम्ही ‘स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेतो’ असं लिहून दिलं. हे तेच ना?

नाही, पण प्रश्न रास्त आहे. वर्षानुवर्षं आपल्याकडे हाच मधला मार्ग होता, अजूनही आहे. पैसे संपतात किंवा आशा संपते, आणि डॉक्टर म्हणतात, ‘तुम्ही नेत असाल तर सही करा.’ डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, बोलीभाषेत ‘डामा’. रुग्णालयाच्या अंगावर काही येत नाही, घरच्यांच्या मात्र सगळंच येतं. एकदा मी अशा कुटुंबाबरोबर गेले होते. लिफ्ट नसलेली इमारत, तिसरा मजला. रुग्णवाहिकेतला मुलगा जिना चढताना एका हाताने रबरी फुगा दाबत आजोबांना श्वास देत होता. वर पलंगावर ठेवल्यावर त्याने विचारलं, ‘आता नळी कोण काढणार?’ कुणीच बोलेना. घरात वेदनेवरचं एकही औषध नव्हतं.

मंडळांची पद्धत वेळखाऊ वाटते, पण ती याला पर्याय म्हणून आहे. तिच्यात यंत्र रुग्णालयातच काढतात, आधी औषध देऊन. घरीच न्यायचं असेल तर नळी काढायचं, औषधाचं आणि घरी येणाऱ्या नर्सचं आधी ठरवा, मगच निघा.

१२. यंत्र काढलं की माणूस तडफडतो का?

नीट केलं तर नाही. आधी मॉर्फिनसारखं औषध देतात, त्याने धाप आणि भीती दोन्ही कमी होतात. या टप्प्यावर उपचार ‘थांबत’ नाहीत, त्यांचा उद्देश बदलतो. वेदना कमी करायला योग्य मात्रेत मॉर्फिन देणं म्हणजे छुपं इच्छामरण, हा समज डॉक्टरांमध्येही सापडतो आणि तो चुकीचा आहे. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात बदल झाला तो हे औषध वेदनेच्या रुग्णांपर्यंत पोहोचावं म्हणूनच. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र इथे हेच काम अनेक वर्षं चालू आहे. गरज पडायच्या आधी एकदा जाऊन बघून या. तिथली शांतता पाहून बऱ्याच जणांची भीती ओसरते.

१३. वडिलांना स्मृतिभ्रंश सुरू झालाय. आता करता येईल?

सुरुवातीच्या टप्प्यात असतील, आपण काय ठरवतोय हे त्यांना कळत असेल, तर हो. त्याच दिवसाचं, ‘निर्णयक्षमता आहे’ असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. पुढे कुणी शंका काढली तर उपयोगी पडतं. क्षमता गेली असेल तर प्रश्न १० मधली बिनकागदाची पद्धत.

मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मध्येही ‘आगाऊ निर्देश’ आहेत. ते मानसिक आजारावरच्या उपचारांपुरते. नाव सारखं असल्याने गोंधळ होतो, पण त्या कागदाने व्हेंटिलेटरचा निर्णय होत नाही.

१४. ब्रेन डेड माणसालाही ही सगळी मंडळं लागतात का? अवयवदान करायचं असेल तर?

तो मार्ग वेगळा. अवयवदानासाठी १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टर किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू जाहीर करतात. पुढची जुळवाजुळव मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय समित्या करतात. अरुणा शानबाग ब्रेन डेड नव्हती. तिचा श्वास तिचा स्वतःचा होता. हा फरक घरच्यांना नीट समजावून सांगायला कुणी बसत नाही आणि मग ‘श्वास चालू होता, तरी गेला म्हणाले’ असा संशय कायमचा राहतो. डॉक्टरांना सरळ विचारा: ‘मेंदूमृत्यू जाहीर केलाय, की कोमा आहे?’

१५. सावरकरांनी, विनोबांनी अन्नपाणी सोडलं. जैन लोक संथारा घेतात. मग लिव्हिंग विलची गरज काय?

सावरकरांचं प्रायोपवेशन १९६६ चं, विनोबांनी पवनारला अन्न आणि औषध नाकारलं ते नोव्हेंबर १९८२ मध्ये. दोघेही शुद्धीत होते आणि त्यांनी स्वतः ठरवलं. लिव्हिंग विल नेमकं उलट्या परिस्थितीसाठी आहे, आपण ठरवायच्या स्थितीत नसतानासाठी. संथाऱ्याला राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली. धर्म आणि कायद्याचा तो वाद इथे आणू नका, नोटरी आणखी घाबरतो.

१६. मंडळाने ‘नाही’ म्हटलं, किंवा भावाभावांतच एकमत नाही. मग?

मंडळाने नकार दिला तर नावं घातलेले लोक, उपचार करणारे डॉक्टर किंवा रुग्णालयाचे कर्मचारी उच्च न्यायालयात जाऊ शकतात. तिथे खंडपीठ ऐकतं आणि हवं तर स्वतंत्र डॉक्टरांची समिती नेमतं. भांडण घरातलं असेल, तर कोर्टाआधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. सगळ्यांना एका खोलीत बसवून ‘तुम्हाला काय वाटतं’ विचारलं, की वाद होतो. ‘ते आत्ता बोलू शकले असते तर काय म्हणाले असते’ असं विचारलं, की बहुतेक वेळा खोली शांत होते. मग कुणीतरी हळूच सांगतं.

१७. कागद केल्यावर मन बदललं तर?

शुद्ध असेपर्यंत कधीही रद्द करा किंवा बदला. रद्द करायचा तो लेखी, बदलायचा तर पुन्हा साक्षीदार आणि नोटरी. दोन कागद सापडले तर शेवटच्या तारखेचा चालतो, म्हणून तारीख ठळक लिहा आणि जुन्या प्रती गोळा करून फाडा. आमच्या संघातल्या एका आजोबांनी आधी ‘डायलिसिस नको’ असं लिहिलं होतं. मग वेळ आली, आणि नातीच्या लग्नापर्यंत करू म्हणाले. शुद्धीत होते, त्यामुळे त्यांच्या शब्दावर डायलिसिस सुरू झालंच. नवा कागदही रीतसर केला. फक्त डॉक्टरांकडची जुनी प्रत परत घ्यायची राहिली. ती मी परवा जाऊन आणली.